सृष्टीनं मुसळ आडवं केलं

माझ्या घरात भाडेकरू पुष्कळ आले नि गेले, पण माझ्या तोलामोलाची अशी एकच मिळाली. तिचं नाव सृष्टी. कांचनवाडीत पैठण रोडपासून जरा आत माझं घर आहे. वर मी एकटी राहते, खालच्या दोन खोल्यांत सृष्टी, तिचा नवरा हनुमान आणि सासू कडूबाई. मी एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून ओरडण्यात गेला, त्यामुळं आवाज मोठा झालाय आणि गप्प बसणारी माणसं मला सोसत नाहीत.

सृष्टीच्या माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं. कडूबाईनं निम्मं आयुष्य कळपामागं चालत काढलं. गुडघे गेले तेव्हा मेंढरं दिराच्या हवाली करून ती लेकाकडं शहरात आली. हनुमान पहाटे दुधाचा टेम्पो चालवतो. सृष्टी बारावी शिकलेली, चितेगावच्या एका कारखान्यात वॉशिंग मशीनच्या लाईनवर होती. ड्रम बसवायचा, बेल्ट चढवायचा, वायरी जोडायच्या आणि मशीन पुढच्या बाईकडं ढकलायचं. होती कंत्राटीच, पण कडूबाई गावाकडच्या बायांना "आमची सून कंपनीत हाय" असं सांगायची तेव्हा मान आपोआप वर व्हायची.

मागच्या दिवाळीनंतर कंपनीनं एक पाळी बंद केली. कंत्राटदाराचा फोन आला की उद्यापासून येऊ नका, तुम्हाला ब्रेक दिलाय. हा ब्रेक म्हणजे काय ते वाळूजपासून चितेगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. घरी जा म्हणायची लाज वाटते म्हणून शोधलेला शब्द आहे तो. गरज सरो, वैद्य मरो. सृष्टीबरोबर लाईनवरच्या कितीतरी पोरी घरी आल्या.

आणि त्याच आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. मग काय, जो येईल तो एकच बोलायला लागला. बरंच झालं, आता आरामात घरी बस, देवाला काळजी. हे 'बरंच झालं' ऐकून माझं डोकं उठायचं. नोकरी गेलेल्या बाप्याला कुणी कधी 'बरंच झालं' म्हटलेलं मी ऐकलं नाही. सृष्टी कुणाला उलटून बोलली नाही, पण एक दिवस जिन्यात मला म्हणाली, "काकू, ह्याच्यात बरं काय झालं ते मला कुणी सांगनाच."

त्या दिवसांत माझं वॉशिंग मशीन बिघडलं होतं. कपडे पिळायला लागलं की ते न्हाणीघरातून दारापर्यंत चालत यायचं. कंपनीचा मेकॅनिक 'आज येतो' म्हणत मला रोज फसवत होता. सृष्टी गच्चीवर वाळवण घालायला आली, तिनं तो धडधडाट ऐकला आणि न विचारता आत येऊन मशीन आडवं केलं. मला एक पाना मागितला. माझ्याकडं सायकलचा जुना पाना होता, त्याच्यावरच तिनं भागवलं. मशीन जागेवर उभं राहिलं. मी पैसे पुढं केले तर ती मागं सरकली, म्हणाली, तुमच्याकडून कसे घेऊ. मी तिला झापलं. फुकट केलं की ते काम राहत नाही, उपकार होतो, आणि उपकारावर घर चालत नाही, असं म्हटलं. तिनं पैसे घेतले, मुठीत घट्ट धरले आणि खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी नवराबायको शहागंजच्या बाजारात जाऊन पाने, पकड, टेस्टर आणि एक दणकट पिशवी घेऊन आले. माझ्या फाटकावर पत्रा लागला, 'वॉशिंग मशीन दुरुस्ती', खाली फोन नंबर. कडूबाईला हे अजिबात रुचलं नाही. कंपनीतली सून आता लोकांच्या मोऱ्यांमध्ये उकिडवी बसणार, हे काय गावात सांगायचं? शिवाय पोटुशी बाई, अवजड सामान. तिनं तोंड सोडलं की सोडलं. नाव कडूबाई, पण कारल्यानं तिच्याकडं शिकवणीला यावं.

एवढं मात्र सांगते की ते नाव तिनं घेतलेलं नाही. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत. ही तरी जगावी, हिच्यावर कुणाची नजर जाऊ नये, म्हणून आईबापांनी कडूबाई ठेवलं. आमच्या मराठवाड्यात गावोगावी असे कडूबा नि कडूबाई सापडतील. भीतीपोटी ठेवलेलं नाव घेऊन जी बाई म्हातारी झाली, ती भिणारच. मला तिचा राग यायचा, पण हे मी कधी विसरले नाही.

सुरुवातीला हनुमानच तिला गाडीवरून कामाला न्यायचा आणि गिऱ्हाईकं त्याच्याशीच बोलायची, कारण पिशवी त्याच्या हातात असायची. काय बिघडलंय, किती लागतील, सगळं त्याला विचारायची. तो आपला शांतपणे सांगायचा, मला गाडी चालवता येते, मशीनचं तिला विचारा. कुणी नाक मुरडायचं, कुणी दारातूनच परत पाठवायचं. पण मोऱ्या बायकांच्या, मशीन बायकांचं, दुपारी घरात एकट्या बायका. बाई मेकॅनिक येते म्हटल्यावर त्यांना हायसं वाटायला लागलं. संक्रांतीपर्यंत कांचनवाडीपासून बिडकीनपर्यंत तिचा नंबर फिरला.

फेब्रुवारीच्या शेवटी बिडकीनच्या रस्त्यावरच्या एका डॉक्टरबाईंनी तिला बोलावलं. त्यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता, चादरी धुवायला दोन मोठी मशीनं. महिन्याला ठरलेली रक्कम देऊन त्यांना दोन्ही मशीनं सृष्टीवर सोपवायची होती. अट एकच, फोन केला की त्याच दिवशी यायचं, कारणं सांगायची नाहीत. सृष्टी हरखून गेली. घरोघरच्या कामाचा काय भरवसा, आज आहे उद्या नाही. हे लागलं तर पुन्हा महिन्याचा पगार सुरू झाल्यासारखं होतं, आणि घरात जीव येणार होता. तिनं मला पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले, म्हणाली, पहिला फोन येऊ द्या.

पहिला फोन आला तो होळीच्या पौर्णिमेला, चंद्रग्रहणात.

या ग्रहणाचा टीव्हीवाल्यांनी आठवडाभर डंका पिटला होता. गर्भवतीनं काय करावं नि काय करू नये याची यादी सांगायला रोज एक नवा ज्योतिषी. ग्रहण भर दुपारी लागणार होतं आणि आपल्याकडं चंद्र उगवणार संध्याकाळी, तेव्हा ते सुटायलाच आलेलं. म्हणजे जो चंद्र उगवलाच नव्हता त्याचं ग्रहण आम्ही पाळत होतो. मी हे कडूबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, दिसत नाय म्हणून इख चढत नाय का.

कडूबाईनं खोलीच्या मधोमध परात ठेवली. परातीत पाणी, हळदकुंकू, आणि त्या पाण्यात गावाकडून आणलेलं मुसळ उभं केलं. ग्रहण आहे तोवर मुसळ आधाराशिवाय उभं राहतं आणि सुटलं की आपोआप पडतं, असं ती मानते. मुसळाच्या बुडाला लोखंडी कडं होतं, ते एरवीही उभं राहिलं असतं, पण ते जाऊ दे. सृष्टीच्या पोटाला गेरू लावला. तिला भिंतीशी पाय सरळ करून बसवलं. कापायचं नाही, चिरायचं नाही, पिळायचं नाही, बोटसुद्धा मोडायचं नाही. गाभण मेंढ्यांच्या पोटालाही आपण असाच गेरू लावायचो, असं कडूबाई मला सांगत होती. सृष्टी निमूट बसली होती. सासूचं मन राखायला तिचं काही जात नव्हतं, तोपर्यंत.

फोन आला तेव्हा मी दारातच होते. दवाखान्यातलं एक मशीन चादरींसकट बंद पडलं होतं, आत पाणी भरलेलं, दार उघडत नव्हतं. दुसऱ्याचा तर सकाळपासून जळका वास येत होता. बाळंतिणी आलेल्या, होळीमुळं धोब्याची माणसं गावाला गेलेली. सृष्टीनं सगळं ऐकून घेतलं आणि 'येते' म्हणाली.

कडूबाई दारात येऊन उभी राहिली. मुसळ पडंपर्यंत उठायचं नाय, म्हणाली. त्या डागतरणीला दुसरा कुणी भेटंना का?

"भेटंल की," सृष्टी म्हणाली. "आन् मंग उद्यापासून त्यालाच बोलावतीन."

"लेकराचा व्हट फाटला, कान तुटला, तर कोण जबाबदार?"

"मी."

एवढं बोलून ती भिंतीला धरून उठली. परातीपाशी गेली, मुसळाच्या मध्यावर हात घातला आणि ते उचलून भिंतीच्या कडेला आडवं ठेवलं. "सुटलं," म्हणाली. परातीतलं पाणीसुद्धा सांडलं नाही.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण खरं सांगते, मीही मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. लहानपणापासून कानावर पडलेलं असं एका दिवसात निघत नाही. कडूबाईनं लेकाकडं पाहिलं. आमचा हनुमान नावापुरताच, द्रोणागिरी उचलणाऱ्यातला नाही, पण त्या दिवशी त्यानं गाडीची किल्ली उचलली. दोघं गेले. कडूबाई मुसळ नसलेल्या परातीसमोर बसून राहिली आणि मी तिच्याशेजारी बसले, कारण त्या वेळी तिला एकटं सोडणं मला बरं वाटेना.

अंधार पडता पडता ते परत आले. काम मिळालं होतं, महिन्याचं, पक्कं. आणि आनंदाच्या भरात हनुमाननं घोटाळा केला. सृष्टीनं जळकी वायर कशी शोधली, पकडीनं कशी कचाकच तोडली नि पुन्हा कशी जोडली, हे सगळं हातवारे करून आईला सांगून बसला. ग्रहणात कापू नये म्हणून जिनं सकाळपासून घरातली विळीसुद्धा बांधून ठेवली होती, तिला. कडूबाईनं जेवण केलं नाही. सुनेशी बोलणं टाकलं ते थेट बाळंतपणापर्यंत.

पुढं सातव्या महिन्यात सृष्टीची आई सुगंधाबाई कन्नडकडून तिला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. सृष्टी म्हणाली, माझं काम इथं आहे, तूच इथं ये. माहेरच्यांची तोंडं उतरली, पण आई शेवटी आई, ती आली. आपण अडकल्यावर दवाखान्याची मशीनं कोण बघणार म्हणून सृष्टीनं सुकेशनीला हाताशी घेतलं. सुकेशनी तिच्याच लाईनवरची, तिलाही ब्रेकच मिळालेला. दोघी माझ्या अंगणात जुनं मशीन खोलून बसायच्या आणि कडूबाई खिडकी लावून घ्यायची.

जूनमध्ये सृष्टी घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, बाळंत झाली. मुलगी झाली, वजनाला चांगली, आवाजाला माझ्यासारखी. आणि तिच्या डाव्या कानाच्या पाळीला खाच होती. करंगळीच्या नखाएवढी, पण स्पष्ट.

कडूबाईनं ती आधी पाहिली आणि लगेच दुपटं कानावर ओढलं. सुगंधाबाई रडायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलं अशी जन्मतात, मुलीला छान ऐकू येईल, मोठी झाल्यावर हवं तर टाके घालून पाळी सारखी करता येते, आणि याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. दोघींनी माना हलवल्या आणि दोघींनीही ऐकलं नाही. ज्या हातानं वायर तोडली त्याच हातानं लेकीचा कान तोडला, असं कडूबाई बोलून गेली. गल्लीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. जिनं काढून टाकलं त्या कंपनीला कुणी बोल लावला नाही. पोट चालवायला बाहेर पडली ती मात्र गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

घरी आल्यावर एका दुपारी मी शेपूची भाजी घेऊन खाली गेले. सृष्टी लेकीला पाजत होती आणि तिच्या त्या कानावरून बोट फिरवत होती. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "काकू, खरंच माझ्यामुळं झालं का?"

ग्रहणात जी डगमगली नव्हती तिला घरच्या माणसांनी इथवर आणलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी 'नाही' म्हणून इतकी मोठ्यानं ओरडले की लेकरू दचकून रडायला लागलं. सृष्टी त्याला थोपटत राहिली. मग म्हणाली, मला ठाऊक व्हतं, पण कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं व्हतं.

बारशाच्या सकाळी दोन्ही विहिणींचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. त्यांनी सृष्टीला समोर बसवून सांगितलं. दवाखान्याचं काम कायमचं सुकेशनीला देऊन टाकायचं. पानेपकडीची पिशवी विकायची. झालं ते झालं, आता देवाचा कोप नको. आणि पोरीला चारचौघांत टोपरं घातल्याशिवाय काढायचं नाही. हनुमान खाली मान घालून सुतळीनं पाळणा बांधत होता. सृष्टी एवढंच म्हणाली की कान टोचून होऊ द्या, मंग बोलते.

दुपारी बायका जमल्या. पाळणा हलला, नाव ठेवलं संस्कृती. जिनं एवढ्या रीती मोडल्या तिच्या लेकीचं नाव संस्कृती, हे ऐकून मला हसू आवरेना. मग सोनार पुढं बसला. त्यानं उजवा कान टोचून सोन्याची तार ओवली, डाव्या कानाकडं पाहिलं आणि थबकला. हळूच म्हणाला, हा राहू द्या, टोपऱ्याखाली कुणाला दिसतंय. सुगंधाबाईनं लगेच टोपरं पुढं केलं.

सृष्टीनं ते आईच्या हातातून घेऊन मांडीखाली ठेवलं.

"दोन्ही टोचा," ती सोनाराला म्हणाली. "खाचीच्या बाजूला लई जागा हाय."

मग तिनं मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "ग्रहणात मी कामाला गेले व्हते. हिच्यासाठीच गेले व्हते. त्याची माफी मी मागणार नाय, आन् माझी पोरगी कान झाकून हिंडणार नाय. सव्वा महिना झाला की मी कामावर जाणार. आत्या, आई, तुमाला काय म्हणायचं ते मला म्हणा. तिच्या कानाला म्हणू नका."

सोनारानं दुसरा कान टोचला. लेकरानं घर डोक्यावर घेतलं. सृष्टीनं तिला उचलून छातीशी धरलं, शांत केलं आणि रिवाजाप्रमाणं प्रत्येक बाईच्या ओटीत द्यायला उठली. देताना डावा कान वर राहील असंच देत होती. बायका नजर चोरत होत्या, कुणी उगाच पाळण्याची फुलं नीट करत होतं. सगळ्यांत शेवटी कडूबाई. ती कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. सृष्टी तिच्यासमोर वाकली आणि लेकीला तिच्या मांडीवर ठेवून सरळ उभी राहिली. आता म्हातारी हिला परत ढकलते की काय, म्हणून मी हात पुढं करून उठले.

कडूबाईनं नातीकडं पाहिलं. बोटानं सोन्याची तार सरळ केली. तेवढ्यात गल्लीतली एक बाई, ताटातली बुंदी चिवडत, मुद्दामच म्हणाली, "अगंबाई, ह्या कानाला काय झालं वो?"



"कान हाय," कडूबाई म्हणाली. "तुला दोन हायेत, तिलाबी दोन हायेत. बघायचा असंल तर सव्वा महिन्यानं ये. तिची माय कामाला जाईन, तवा ही दिवसभर माझ्यापाशीच असंन. नीट बघून घे. आता गप जेव."